मानेत पू झाला तर: कुठे जायचं, काय न्यायचं, किती लागेल

दाढ आठवडाभर ठणकत होती, गोळी घेतली की थांबत होती. आज सकाळी जबड्याखाली लाकडासारखी घट्ट सूज आहे, तोंड दोन बोटंही उघडत नाही, थुंकी गिळताना कळ येते. तुमच्या घरात आत्ता असं कुणी असेल, तर हा लेख नंतर वाचा. आधी निघा.

लाळ गळतेय, आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा जड झालाय, जीभ वर उचलली गेलीय, आडवं झालं की घुसमटतं, श्वास घेताना आवाज येतो: यातलं एक लक्षण दिसलं तरी सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, ही रुग्णवाहिका मोफत आहे. रुग्णाला बसवूनच न्या, झोपवू नका. वाटेत चहा-पाणी देऊ नका. भूल द्यावी लागण्याची शक्यता मोठी असते.

लहान मुलांत चित्र वेगळं दिसतं. ताप, मान एका बाजूला धरून ठेवणं, दूध नाकारणं, लाळ. मुलाच्या घशात बोट किंवा चमचा घालून पाहू नका. थेट रुग्णालयात न्या.

हे कातडीवरचं गळू नाही. पू मानेतल्या स्नायूंच्या थरांमध्ये साठतो, श्वासाची वाट दाबतो आणि वेळ गेला तर खाली छातीत उतरतो. मोठ्या माणसांत मूळ बहुतेक वेळा खालच्या दाढांत असतं, विशेषतः दुसरी दाढ आणि अक्कलदाढ, कारण त्यांची मुळं जबड्याखालच्या पोकळीजवळ पोचतात. मुलांत टॉन्सिल आणि घशातल्या गाठी. कधी घशात अडकलेला माशाचा काटाही पुरतो.

उशीर किती महाग पडतो ते पाहा. हे खासगीतले ढोबळ आकडे आहेत. शहर आणि रुग्णालयाप्रमाणे वरखाली होतील. किडलेली दाढ वेळेत भरून घेतली तर हजार-दोन हजार. रूट कॅनाल तीन ते आठ हजार, वर कॅपचे वेगळे. दाढ काढणं पाचशे ते दीड हजार. आडवी रुतलेली अक्कलदाढ असेल तर चार ते बारा हजार. गाल सुजल्यावर दंतवैद्याने तोंडातून चीर देऊन पू काढला, तर औषधांसह दोन ते पाच हजारांत सुटता. पू मानेत उतरला की भूल देऊन शस्त्रक्रिया आणि पाच-सात दिवस वॉर्ड: तालुका-जिल्ह्याच्या गावी साठ हजार ते दीड लाख, मुंबई-पुण्यात दीड ते तीन लाख. आयसीयू, व्हेंटिलेटर आणि दुसरी शस्त्रक्रिया लागली तर पाच लाखांच्या पुढे सहज जातं, आणि मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा होतो.

जास्त धोका कुणाला

सर्वांत आधी मधुमेह. साखर ताब्यात नसेल तर संसर्ग भराभर पसरतो, जखम भरत नाही, मुक्काम लांबतो. अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हे अशा वेळी दाखल झाल्यावरच कळतं. त्यानंतर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असलेले, किडनीचे रुग्ण, एचआयव्ही, कर्करोगाचे उपचार घेणारे, प्रत्यारोपण झालेले. तंबाखू आणि मशेरीने हिरड्या खराब झालेले. तुम्ही या यादीत असाल, तर दाढेच्या ठणक्याला तुमच्यासाठी मुदत चोवीस तासांची. इतरांसारखे चार दिवस तुमच्याकडे नाहीत.

कुठल्या दारात जायचं

इथे बहुतेक कुटुंबं चुकतात. जवळचं नर्सिंग होम, तिथून दुसरं, तिथून तिसरं. प्रत्येक ठिकाणी दाखल फी, तेच रक्त, कधी कधी तोच सीटी स्कॅन. पैसे जातात ते जातात, पण त्यात जाणारी रात्र परत मिळत नाही. निघण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा: कान-नाक-घसा सर्जन आत्ता येतील का? भूलतज्ज्ञ चोवीस तास आहेत का? सीटी स्कॅन आवारातच आहे का? आयसीयूत खाट रिकामी आहे का? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर पुढचा नंबर लावा. तोंड-जबड्याचे सर्जन असले तर उत्तमच. दाढ त्याच भुलीत काढता येते आणि दुसरा खर्च वाचतो. मात्र श्वास अडकत असेल तर हे फोन करत बसू नका. सर्वांत जवळच्या मोठ्या रुग्णालयात आधी श्वासाची सोय करून घ्या, पुढची हलवाहलव नंतर.

सरकारी पर्याय कमी लेखू नका. या आजारात लागणारी सगळी मंडळी, म्हणजे कान-नाक-घसा, भूल, छातीचे सर्जन आणि मेडिसिन, रात्री दोन वाजता एका आवारात मिळण्याची शक्यता वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत सर्वाधिक. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे.; पुण्यात ससून; नागपुरात मेडिकल; छत्रपती संभाजीनगरला घाटी; कोल्हापुरात सीपीआर; गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ. केसपेपर आणि तपासण्यांचे दर नाममात्र असतात. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं या निर्णयात नाहीत, म्हणून तिथे पावती फाडली तर गोंधळू नका.

प्रकरण अजून दाढेपाशीच असेल तर दंत महाविद्यालय गाठा. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात शासकीय आणि मुंबई सेंट्रलला नायरचं. शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय आहे. सकाळी लवकर जा. रांग मोठी असते, पण दाढ काढण्याचे पैसे नगण्य.

पिशवीत काय हवं

आधार कार्ड. रेशन कार्ड, कुठल्याही रंगाचं. आयुष्मान कार्ड असेल तर तेही. विमा पॉलिसीचं ई-कार्ड. कामगार विम्यात असाल तर त्याचं कार्ड. चालू औषधांच्या रिकाम्या पाकिटांसकट सगळ्या गोळ्या, कारण नावं कुणाला आठवत नाहीत. त्यातही रक्त पातळ करणारी आणि मधुमेहाची गोळी महत्त्वाची. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून वर ठेवा. दंतवैद्याचा एक्स-रे असेल तर तो फोनमध्ये नको, हातात असू द्या.

कागद अपुरे म्हणून घरी थांबू नका. तातडीचे प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत; परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांवर ही जबाबदारी टाकली आहे. रेशन कार्ड दुसरा माणूस मागून आणू शकतो.

पैशाचे रस्ते

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण. २०२४ पासून पांढऱ्या रेशन कार्डवाल्यांनाही. योजनेतल्या रुग्णालयात दाराजवळच आरोग्यमित्राचा कक्ष असतो. दाखल होताच तिथे जा आणि दोन प्रश्न विचारा: डॉक्टरांनी सांगितलेली शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत कुठल्या नावाने आहे? आणि मंजुरी आली का? तातडीच्या वेळी फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात. हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००.

योजनेचा सर्वांत महाग पडणारा बारकावा असा: ती पूर्णपणे रोकडरहित आहे. तुम्ही आधी रोख भरलं आणि नंतर पावत्या घेऊन गेलात तर परतावा मिळत नाही. म्हणून ‘आत्ता डिपॉझिट भरा, योजनेचं उद्या बघू’ हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबा, आरोग्यमित्राला बोलवा, नाहीतर हेल्पलाइन लावा. योजनेत मंजुरी असताना तपासणी, औषध किंवा ‘फरक’ म्हणून पैसे मागणं नियमाबाहेर आहे.

गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख. किमान पाच वर्षांचं वास्तव्य लागतं.

महाराष्ट्रात दुसरा रस्ता धर्मादाय रुग्णालयांचा, आणि तो फार कमी लोक वापरतात. ट्रस्टच्या मोठमोठ्या रुग्णालयांनाही कायद्याने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वार्षिक १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड दाखवा. तातडीच्या वेळी निर्धन रुग्णाकडून डिपॉझिट न घेता जीव वाचवणारे उपचार द्यायचे असतात. काउंटरवर ‘खाट नाही’ म्हणाले तर समाजसेवा अधीक्षकांना भेटा आणि लेखी मागा. लेखी नकार द्यायला सहसा कुणी तयार होत नाही. अडलंच तर जिल्ह्याचं धर्मादाय आयुक्त कार्यालय.

खासगी विमा असेल तर

एक शब्द तुमचा दावा पाडू शकतो: ‘डेंटल’. बहुतेक पॉलिसी दातांचे उपचार देत नाहीत, अपघात सोडून. पण मानेतल्या पुवाची शस्त्रक्रिया म्हणजे दातांचा उपचार नव्हे. ते दाखल होऊन केलेलं जीवरक्षक ऑपरेशन आहे. पूर्वमंजुरीच्या अर्जात मुख्य निदान ‘मानेच्या खोल भागातला संसर्ग’ असं स्पष्ट लिहिलंय का ते डॉक्टरांना नम्रपणे विचारा. खोटं काही लिहायचं नाही, फक्त खरं निदान आधी यायला हवं. दाढ काढल्याचे पैसे कापले जातील, ते मान्य करा. सगळा दावा कापू देऊ नका.

कागदावर ‘लुडविग्ज अंजायना’ असंही दिसेल. याचा हृदयाशी काही संबंध नाही. जिभेखालच्या आणि जबड्याखालच्या संसर्गाचं ते जुनं नाव आहे. नातेवाईक घाबरतात, कधी विमा कंपनीचा माणूसही हृदयविकाराचे जुने कागद मागत बसतो. सांगून मोकळं व्हा.

मधुमेह असेल तर तो प्रस्तावात लिहिला होता का ते पाहा. आधीच्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची असू शकते. खोलीच्या भाड्याची मर्यादा तपासा. मर्यादेवरची खोली घेतली तर नुसतं भाडं नाही, डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियाही त्याच प्रमाणात कापली जाते. शिवाय दिवसाला पाच हजारांवरच्या खोलीला पाच टक्के जीएसटी लागतो. आयसीयूला लागत नाही. कॅशलेसवर निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असा विमा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे. त्याहून उशीर झाला आणि रुग्णालयाने त्यापायी जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे. तक्रारीसाठी १५५२५५, मग विमा लोकपाल, मुंबई आणि पुण्यात. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

आत गेल्यावर काय होतं, कशाचे पैसे लागतात

पहिलं काम श्वास. दुर्बीण घालून नळी टाकतात. जमलं नाही तर गळ्याला छिद्र करून नळी बसवतात, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमी. संमतीपत्र समोर आलं की घरचे हादरतात आणि ‘मोठ्या भावाला येऊ द्या’ म्हणून तास घालवतात. घालवू नका. बहुतेकांची नळी काही दिवसांत निघते आणि छिद्र भरून येतं.

मग डाय देऊन मान आणि छातीचा सीटी स्कॅन. खासगीत मानेचा साधारण चार ते आठ हजार, छातीचा वेगळा. डायच्या आधी क्रिएटिनिन बघतात. किडनी कमजोर असेल किंवा मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगा. रुग्णाला आडवं पडवत नसेल, तर ‘समोरच्या सेंटरवरून स्कॅन करून आणा’ हे अजिबात ऐकू नका. आधी श्वासाची वाट सुरक्षित, मग स्कॅन. बाहेरच्या सेंटरात श्वास बंद पडला तर तिथे कुणी नसतं.

सलाइनमधून प्रतिजैविकं लगेच सुरू होतात. पू साठला असेल तर बाहेरून चीर देऊन निचरा, आत रबरी नळी, रोज ड्रेसिंग. कारण असलेली दाढ काढायलाच हवी. ती तशीच ठेवून घरी पाठवत असतील तर का ते विचारा. इन्सुलिन सुरू झालं तर बिचकू नका, ते बहुधा तात्पुरतं असतं.

पुवाचा नमुना कल्चरला पाठवला का, हे शस्त्रक्रियेच्या दिवशीच विचारा. तपासणी पाचशे-हजार रुपयांची, पण दोन-तीन दिवसांनी तिचा अहवाल आला की महागडं इंजेक्शन चालू ठेवायचं की साध्यावर यायचं ते ठरतं. दिवसाला काही हजारांचा फरक पडतो. अहवाल नुसता फाइलला लागून राहत असेल तर राउंडला आलेल्या डॉक्टरांना आठवण करा. आणि मानेतला पू क्षयाचाही असू शकतो. तसं निघालं तर औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळतात, खासगीत विकत घ्यायची गरज नाही.

बिलात लपलेलं

‘पॅकेज’ म्हणाले की त्यात काय नाही ते आधी विचारा. बहुधा नसतं ते असं: रात्रीच्या तातडीचा अधिभार, भूलतज्ज्ञांची फी, तज्ज्ञांच्या प्रत्येक भेटीचे पैसे, मॉनिटर, ताशी ऑक्सिजन, नेब्युलायझर, रोजचं ड्रेसिंग, ट्रॅकिऑस्टॉमीची नळी, नाकातून अन्न देण्याची नळी, हातमोजे-सिरिंज, जैविक कचरा, फाइलचे पैसे. हातमोज्यांसारख्या किरकोळ वस्तू विमाही देत नाही. दुसऱ्यांदा पू काढावा लागला तर त्याचे पैसे पूर्ण की अर्धे, हे पहिल्या शस्त्रक्रियेआधीच विचारून ठेवा. या आजारात ती वेळ येऊ शकते.

रोज संध्याकाळी चालू बिलाचा कागद मागा. माझ्या मेहुण्यांच्या बिलात एकच नळी दोन दिवस दोनदा लागली होती आणि न वापरलेली सोळा इंजेक्शनं परत गेलेली दाखवली नव्हती. कागद समोर ठेवल्यावर दहा मिनिटांत दुरुस्त झालं. शेवटच्या दिवशी चाळीस पानांत ते सापडलं नसतं.

औषधं रुग्णालयातल्याच दुकानातून घ्यायची सक्ती नाही. त्याच घटकाचं इंजेक्शन बाहेर पुष्कळ स्वस्त मिळतं. चिठ्ठीवर घटकाचं नाव मागा, बिलासकट आणा, फ्रीजमधलं असेल तर बर्फात आणा. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. बिल थकलं म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. फाइलची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असते; मागणी लेखी करा, पोच घ्या.

परवडत नाही म्हणून हलवायचं ठरवलंत तर ‘सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’वर सही करून बाहेर पडू नका. पुढच्या रुग्णालयाच्या नावाने रेफरल चिठ्ठी, स्कॅनची सीडी आणि दिलेल्या औषधांची यादी घ्या, तिथे खाट पक्की करा, मगच निघा. खासगी रुग्णवाहिका असेल तर किलोमीटरचा दर, ऑक्सिजन, सोबतचा डॉक्टर आणि परतीचं भाडं हे सगळं आधी ठरवा. कुशल माणूस नसेल तर श्वासाच्या रुग्णाला हलवू नका.

स्वस्त वाटणारे, महाग पडणारे उपाय

दुकानातून तीन दिवसांच्या प्रतिजैविकांची पुडी आणि दुखण्याची गोळी: ठणका जातो, ताप उतरतो, पू तिथेच राहतो. बाहेरून गरम शेक: नको. सुजेवर लेप: कातडी लाल होते आणि डॉक्टरांना खरी सूज कळत नाही. दाबून पू काढणं: कधीच नाही. लवंगेचं तेल दुखणं घटकाभर कमी करतं, संसर्गाला काही करत नाही. ‘एक इंजेक्शन मारतो, सूज लगेच उतरेल’ म्हणणाऱ्याला आधी त्यात स्टेरॉइड आहे का विचारा. साखर भडकते आणि लक्षणं झाकली जातात. शिवाय ‘सुजेत दाढ काढत नाहीत’ म्हणून आठ दिवस घरी थांबणं. काढायची की आधी पू काढायचा, हे दंतवैद्याने पाहून ठरवायचं असतं. घरी थांबून ते ठरत नाही.

घरी आल्यावर

प्रतिजैविकांचा एकूण कोर्स साधारण दोन ते तीन आठवड्यांचा होतो. बरं वाटलं म्हणून अर्ध्यात सोडू नका. फुले योजनेत डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची फेरतपासणी आणि औषधं पॅकेजमध्येच असतात, पैसे भरू नका. ड्रेसिंग रोज मोठ्या रुग्णालयात करायची गरज नसते. टाके कधी काढायचे आणि कोण काढणार, हे लिहून घ्या आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. तोंड उघडण्याचा व्यायाम विचारून घ्या, नाहीतर जबडा आखडतो. पुन्हा ताप, छातीत दुखणं, मानेच्या एका बाजूला नवी सूज: त्याच दिवशी परत. साखरेची तीन महिन्यांची तपासणी, एचबीएवनसी, आत्ता एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा. खासगीत तीनशे ते सहाशे रुपये. आणि उरलेल्या दाढांचा एक पूर्ण एक्स-रे जखम भरल्यावर काढा. पाचशेच्या आसपास लागतील. पुढची कुठली दाढ तयारीत आहे ते त्यात दिसेल.